उठून न जाणारी माणसं

रविवार, सात डिसेंबर. सकाळी साडेदहा. पळसदेव, वाघमोडे सरांच्या घराची पडवी.

हजर: सुलभावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी. अस्मिता, त्यांची मुलगी, पुण्याहून सकाळच्या गाडीने आलेली. नंदकुमार, सरांचा जुना विद्यार्थी, डाळजला भाजीपाल्याची रोपवाटिका चालवतो. आणि मी. इंदापूरच्या कॉलेजात सरांच्या टेबलासमोरच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसून मी इंग्रजी शिकवलं.

गैरहजर: सर. त्यांना जाऊन आठ महिने झाले.

विषय: सरांचा विद्यापीठाला कधीच न दिलेला प्रबंध छापून त्याच्या प्रती कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवणे. प्रबंधाचा विषय, आधुनिक इंग्रजी नाटकांतील संघर्षाचं स्वरूप.

मी सवयीप्रमाणे कामांची यादी करून आणली होती. सात कामं होती. कागद, अक्षर, मुखपृष्ठ, प्रस्तावना कुणी लिहायची, छापखाना कुठला, फोटो कोणता. दुपारी बारापर्यंत सहा कामांवर खुणा झाल्या. सातवं राहिलं. ते का राहिलं हे सांगायचं तर आधी सर सांगावे लागतील.

सर पळसदेवहून इंदापूरला मोपेडवर यायचे, हमरस्त्याच्या अगदी डाव्या कडेने, मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत. हेल्मेट काढलं की केस जसे बसलेले असतील तसेच दिवसभर राहायचे. पिशवीत तीन वस्तू असायच्या: जेवणाचा डबा, चहाचा स्टीलचा थर्मास आणि भुईमुगाच्या शेंगा. वही नसायची. काही सुचलं की डाव्या तळहातावर लिहायचे आणि घरी जाऊन उतरवून काढायचे. मला ही पद्धत बघवायची नाही. मी त्यांना तीन वेगवेगळ्या वेळी खिशात मावेल अशी डायरी दिली. तिन्ही डायऱ्या त्यांनी मनापासून आभार मानून घेतल्या, आणि आज कपाट आवरताना तिन्ही कोऱ्या सापडल्या.

स्टाफरूममध्ये त्यांची जागा दारालगतची होती. थंडीत वारा, उन्हाळ्यात झळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का. जागा बदलून घ्या म्हणून मी सुचवलं तेव्हा म्हणाले, “दार जवळ असलेलं बरं. आपण बसलोय ते मर्जीनं बसलोय, हे लक्षात राहतं.”

मला तेव्हा हे विनोदी वाटलं होतं. पुढे कळलं की त्यांचं सगळं नाट्यशास्त्र याच वाक्यात आहे.

त्यांच्या वर्गात पहिल्या दिवशी दोन खुर्च्या मांडलेल्या असत, समोरासमोर, रिकाम्या. मुलं आजूबाजूच्या गावांतली. निम्मी सकाळी उसाला पाणी देऊन आलेली. नाटक म्हणजे तलवार, शाप, दरबार, एवढी त्यांची तयारी. आणि अभ्यासाला लावलेल्या नाटकात काय, तर दोन माणसं बसून चहा पितात आणि हवामानावर बोलतात. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, “सर, यात भांडण कुठंय?”

सर त्या मुलाला एका खुर्चीत बसवायचे. विचारायचे, घरी स्वयंपाक कोण करतं. आई, आणि आजीपण. भाकरी कोण थापतं? आजी. आईला थापता येत नाहीत का? येतात की. मग ती परातीपुढं का बसत नाही? मुलगा हळूच म्हणायचा, आजी उठतच न्हाय तिथनं.

“झालं,” सर म्हणायचे. “परात एक, बायका दोन. कुणी आवाज चढवत नाही. वीस वर्षं झाली. जुन्या नाटकात दोन राजांना एक राज्य हवं असायचं. नव्या नाटकात दोन माणसांना एक परात हवी असते. राजे एकमेकांना मारू तरी शकत होते. ह्यांना संध्याकाळी एकत्र जेवायचं असतं.”

मग फळ्यावर एकच प्रश्न लिहायचे: उठून का जात नाही?

त्यांच्या मते आधुनिक नाटकातला संघर्ष ओळखायची ही एकमेव खूण. दार उघडं आहे, कुणी बांधून ठेवलेलं नाही, खोलीत बसवत नाही, तरी माणूस उठून जात नाही. का जात नाही ते शोधा, नाटक सापडेल. आणखी एक अट ते सांगायचे: दोघंही बरोबर असले पाहिजेत. एक चूक असेल तर ती पोलिसाची केस, नाटकाची नव्हे.

हा प्रश्न ते सगळीकडे वापरायचे. प्राचार्यांनी त्यांना तक्रार निवारण समितीवर नेमलं, तर एका तक्रारीलाही महिनाभराच्या आत निकाल मिळेना. ऑफिसातल्या दोन क्लार्कांचं पंख्यावरून बिनसलं होतं. एकाला चालू हवा, एकाला बंद. मी असते तर टेबलं बदलून पाच मिनिटांत मिटवलं असतं. तसं मी सुचवलंही. सरांनी दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं, की समोरच्या खोलीत टेबल रिकामं आहे, जाता का? दोघंही नको म्हणाले. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला थर्मासमधला चहा दिला. म्हणाले, “मॅडम, भांडण पंख्याचं नाहीच. पंखा गेला तर ह्यांना एकमेकांशी बोलायला काही उरणार नाही.” पंखा तसाच अर्धा दिवस चालू आणि अर्धा दिवस बंद राहिला. पुढे त्यातला एक निवृत्त झाला, तेव्हा दुसरा आठवडाभर त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत पंखा बंद करून बसायचा. हे सरांनी मला दाखवलं नसतं तर मी पाहिलं नसतं.

स्वतःविषयी ते कमी बोलत. एकदाच, परीक्षेची सुपरव्हिजन संपवून शेंगा सोलताना, वडिलांविषयी बोलले. धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं घर पाण्यात गेलं. नवीन गावठाणात प्लॉट मिळाला, घर झालं, सगळं झालं. पण दर मे महिन्यात पाणी ओसरलं की वडील चालत जायचे आणि जुन्या घराच्या उंबऱ्याचा दगड शोधून त्यावर बसून यायचे. “आमच्या दादांचं कुणाशी भांडण होतं, सांगा,” सर म्हणाले. “सरकार तिथं नाही, इंजिनिअर तिथं नाही. पाण्याशी म्हणावं तर पाणी तेव्हा मागं सरलेलं. समोर कुणीच नाही, आणि माणूस उठत नाही.” प्रबंधाचं दुसरं प्रकरण, खोलीत नसलेल्या माणसाशी चाललेला संघर्ष, हे तिथून आलं. प्रकरणात वडिलांचा उल्लेख नाही. सगळे दाखले इंग्रजी नाटकांतले आहेत.

चौथं प्रकरण मात्र गॅदरिंगमधून आलं, आणि सगळं पुढचं त्यातून.

एका वर्षी सरांनी हट्टाने एक इंग्रजी एकांकिका बसवली. वडील वारल्यावर दोन भाऊ जेवणाच्या टेबलाशी बसतात. टेबलाला तीन खुर्च्या. मधली वडिलांची, रिकामी. तिच्यात कुणी बसायचं हा नाटकाचा सगळा विषय, आणि त्याबद्दल दोघं एक अक्षर बोलत नाहीत. हवामान, रस्ता, घोड्याचं खोगीर, असलं बोलतात. शेवटी एक मिनिटाची शांतता. संहितेतच तसं लिहिलेलं. धाकट्या भावाचं काम नंदकुमारने केलं होतं. हाच, आज माझ्यासमोर शेंगा सोलत बसलेला. तेव्हा तो दुसऱ्या वर्षाला होता आणि मामाचा लग्नातला कोट घालून उभा होता.

पालकांना बोलावलं होतं. पहिल्या रांगेत नंदकुमारचे चुलत आजोबा, लोणी भापकरचे आबा. धोतर, फेटा, हातात काठी. भावकीतले वाद मिटवायला या बाजूची माणसं त्यांनाच घेऊन जात. इंग्रजी त्यांना अर्थातच कळत नव्हतं. वीस मिनिटं त्यांनी फक्त दोन भाऊ पाहिले, एकमेकांकडे न बघता बोलणारे. मग शांतता सुरू झाली. दहा सेकंद, वीस सेकंद. सभागृहात कुजबूज. कार्यक्रमाचं वेळापत्रक माझ्याकडे होतं, मी घड्याळ बघत होते. आणि आबा उठले, बाजूच्या पायऱ्यांवरून काठी टेकत रंगमंचावर गेले, मधली खुर्ची ओढली आणि तिच्यात बसले.

ज्या खुर्चीत कुणी बसायचं नाही म्हणून नाटक लिहिलं गेलं, त्या खुर्चीत.

“वाटणीचं हाय का?” त्यांनी विचारलं. आबांनी काठी नंदकुमारकडे केली. “तू बोल. तुजं म्हननं काय?”

नंदकुमार घामाने भिजला होता. तो म्हणाला, “आबा, माजं म्हननं पुस्तकात दिल्यालं न्हाय.”

सभागृह एवढं हसलं की मागच्या मुलांनी बाक वाजवले. आबा हसले नाहीत. हशा संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, “पुस्तकात न्हाय ते मला ठावं हाय. पुस्तकात असतं तर भांडला कशापायी असता? बोलायचं नसंल तर नगा बोलू. पर च्या हुईस्तवर कुनी उठायचं न्हाय.”

आमच्याकडे वाद मिटवायला माणूस बसला की त्याची पहिली अट हीच असते. चहा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मग चहाला कितीही वेळ लागो.

मी विंगेत धावले, पडदा पाडायला सांगावं म्हणून. सर तिथे उभे होते. त्यांनी मला हाताने थांबवलं. पिशवीतून थर्मास काढला, तीन कप शोधले आणि स्वतः रंगमंचावर जाऊन टेबलावर ठेवून आले. तिघांनी चहा प्यायला. दोघांना इंग्रजी संवाद आठवत नव्हते आणि आबांना ते नकोच होते. चहा संपला तेव्हा नंदकुमार आणि दुसरा मुलगा एकमेकांकडे बघत होते. पूर्ण नाटकात पहिल्यांदा. मग पडदा पडला.

प्राचार्य संतापले होते. सर विंगेत पेन शोधत होते. तळहातावर जागा कमी पडली म्हणून मनगटापर्यंत लिहिलं.

त्या लिखाणाचं प्रबंधात एक पान झालं. पान एकशे त्रेचाळीस. सरांचं म्हणणं थोडक्यात असं, की जाणकार टीकाकार ज्या शांततेला पोकळी म्हणतात तिला आबांनी बैठक म्हणून ओळखलं. माणसं उठून जात नाहीत ती अडकली म्हणून नव्हे, तर उठलं की संपलं हे त्यांना माहीत असतं म्हणून. न उठणं ही भांडणाची शेवटची पायरी नव्हे, समेटाची पहिली आहे. सगळ्या इंग्रजी पानात मधोमध आबांचं वाक्य देवनागरीत होतं आणि खाली भाषांतर.

पुण्याच्या मार्गदर्शकांनी त्या पानावर लाल गोल केला. नाटक इंग्रजी, प्रबंध इंग्रजी, आणि पुरावा म्हणून लोणी भापकरचा एक म्हातारा, ज्याला नाटकाची भाषा येत नव्हती. त्यांचंही चूक नव्हतं. हे पान काढा, बाकी उत्तम आहे, सही देतो, असं ते म्हणाले. सर म्हणाले, “बघू.” मी सोबत गेले होते; परतताना बसमध्ये मला म्हणाले, “मॅडम, बाकीची दोनशे पानं मला दुसऱ्यांनी सांगितलेली आहेत. हे एकच मी पाहिलंय.”

तेव्हा नोंदणीची दुसरी मुदतवाढ संपत आली होती. तिसरी मिळणार नव्हती. प्राचार्यांची निवृत्ती जवळ होती, आणि पदवी हातात असली तर ती जागा सरांना मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. सुलभावहिनींनी तेरा वर्षं त्या प्रबंधासाठी घरातली मधली खोली सोडली होती. कागदपत्रांची जबाबदारी मी घेतली. माझी यादी बावीस मुद्द्यांची होती. मार्गदर्शकांचं सही केलेलं प्रमाणपत्र माझ्या फाइलमध्ये आलं, पान काढण्याच्या अटीवर. शुक्रवारी दुपारी बारामतीत बाइंडरच्या दुकानात मी उभी होते. सरांचं “बघू” मी होकार धरला. पान काढलं, पुढच्या पानांचे आकडे पेनड्राइव्हवर बदलून नव्याने प्रिंट घेतल्या. पाऊण तासाचं काम. यादीवर खूण केली.

सोमवारी पाच प्रती मी त्यांच्या टेबलावर ठेवल्या. काळं कापडी बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. त्यांनी वरची प्रत उचलली आणि थेट मधोमध उघडली. एकशे त्रेचाळीसवर आता दुसरंच काही होतं. त्यांनी प्रत मिटली. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, आणि आवाज चढला तर तोही ऐकून घ्यायची तयारी होती.

ते म्हणाले, “तुम्ही बरोबर केलंत, मॅडम.” मग ती बाकीच्या चारांवर ठेवून, “मीही बरोबर आहे. आता काय करायचं?”

हे त्यांनी खरंच विचारलं होतं. मी बुधवारची गाडी सांगायला फोन उचलला.

बुधवार शेवटचा दिवस. मी अकराची गाडी सांगून ठेवली होती. पाच प्रतींची पिशवी सरांच्या पायाशी. गाडी आली, ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. सरांनी त्याला थर्मासमधला चहा दिला, गावाची चौकशी केली आणि परत पाठवलं. मग तास घेतला, परत येऊन बसले. मीही तास घेतला, परत येऊन बसले. पुण्याला पोहोचायचं तर दीडपर्यंत निघायला हवं होतं. दीड वाजला. दोन वाजले. मला उठून म्हणता आलं असतं की माझं चुकलं, द्या ती पिशवी, टाका फेकून. त्यांना उठून पिशवी उचलता आली असती. दार त्यांच्या खांद्याला लागून उघडं होतं. आम्ही दोघं समोरासमोर बसून पेपर तपासत राहिलो. चार वाजता त्यांनी दोन कप भरले, एक माझ्याकडे सरकवला. आम्ही प्यालो. पाच वाजता त्यांनी डबा उचलला, पिशवी उचलली, “येतो मॅडम,” म्हणाले आणि मोपेडकडे गेले.

प्राचार्यपद दुसऱ्या विभागाकडे गेलं. सर निवृत्तीपर्यंत दारालगतच बसले. त्या पानाचा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा कधी काढला नाही, आणि चहा एक दिवसही चुकवला नाही. वर्गात दोन खुर्च्या मांडत राहिले. त्यांच्या शेवटच्या बॅचच्या एका मुलीने विचारलं होतं की सर, मग नाटक संपतं कसं? ते म्हणाले, “संपत नाही. कुणीतरी चहा आणतं.”

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी. चालणं कमी झालं होतं, तरी मला बसपर्यंत सोडायला हमरस्त्यावरच्या थांब्याला आले. बारामतीची गाडी मिळेल म्हणून भिगवणला उतरायचं होतं मला. बाकावर बसलो. त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. न बघताच कळलं कोणतं पान आहे ते. “याला कुठंतरी जागा बघा,” म्हणाले. “तुम्हाला आकडे बसवता येतात.” एसटी आली. मी चढले, मागच्या सीटवर बसले. सर बाकावरच होते. हात केला नाही. गाडी वळेपर्यंत पाहत होते, आणि मला दिसत होते तोवर उठले नव्हते.

आज सकाळी वहिनी फोटो निवडताना म्हणाल्या, “यांना कुठली गोष्ट शेवटाला न्यायचीच सवय नव्हती. तेरा वर्षं लिहिलं आणि जमा करायची तारीख इसरले. मी विचारलं तर म्हणाले, राहून गेलं.”

राहून गेलं. एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं. इतकी वर्षं या घरात सर म्हणजे तारीख विसरलेला माणूस होता.

अस्मिताने चार घड्यांचं ते पान उलगडलं आणि विचारलं, “मावशी, हे चौथ्या प्रकरणातलं आहे ना? मग बाइंड केलेल्या प्रतीत का नाही? कुणी काढलं?” नंदकुमारने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही माहीत असण्याचं कारण नाही, पण तो सरांचा विद्यार्थी आहे. मी म्हटलं, त्याची एक टीप टाकू पानाखाली. मी लिहिते.

पान परत घालायचं काम झालं आहे. आकडे बदलले, तळटिपा सरकवल्या, सूची दुरुस्त केली. एकशे त्रेचाळीसवर पुन्हा आबा आहेत, देवनागरीत. खाली टिपेसाठी दोन ओळींची जागा मोकळी सोडली आहे.

वहिनींनी आतून हाक मारली, चहा झालाय. अस्मिता आणि नंदकुमार आत गेले. मी अजून पडवीत आहे. सरांवर एवढी पानं लिहून झाली, त्या दोन ओळी झालेल्या नाहीत.

काम सातवं: हे पान कुणी काढलं, आणि ते नसलेला प्रबंध सरांनी का दिला नाही, हे वहिनींना वाचता येईल असं लिहिणे. बाकी.